विश्लेषण : फ्रान्समध्ये कचऱ्याच्या डब्याला ‘पूबेल’ का म्हणतात? कोण होते युजेन पूबेल?

फ्रान्समधल्या कोणत्याही घरात जा, कचऱ्याच्या डब्याला एकच शब्द कानावर पडेल – पूबेल. स्वयंपाकघराच्या ओट्याखालची बादली पूबेल आणि इमारतीखाली ठेवलेला चाकांचा मोठा डबाही पूबेल. हा शब्द मुळात एका माणसाचे आडनाव आहे. कॅप्टन बॉयकॉट या माणसाच्या आडनावावरून ‘बॉयकॉट’ हा शब्द आला आणि तो मराठीतही रुळला. त्याच काळात पॅरिसमध्ये युजेन पूबेल यांच्या नावाचेही असेच झाले. फरक एवढाच, की पूबेल यांच्या वाट्याला कचऱ्याचा डबा आला.

कायद्याचे डॉक्टर, प्राध्यापक, पॅरिसचे तेरा वर्षांच्या आसपास प्रशासक आणि नंतर राजदूत राहिलेल्या या माणसाने आयुष्यात बरेच काही केले. लोकांच्या लक्षात मात्र झाकणाचा डबा राहिला. त्या डब्यामागचा विचार काय होता, त्याला विरोध का झाला आणि आज आपल्या घरातल्या डब्याशी त्याचा काय संबंध आहे, हे जाणून घेऊ या.

युजेन पूबेल कोण होते?

पूबेल यांचा जन्म १५ एप्रिल १८३१ रोजी उत्तर फ्रान्समधील नॉर्मंडी भागातल्या काँ या शहरात झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, त्यात डॉक्टरेट मिळवली आणि काँ, ग्रनोबल व तुलूझ या शहरांत कायदा शिकवला. म्हणजे चाळिशीपर्यंतचे त्यांचे आयुष्य वर्गात आणि पुस्तकांत गेले.

१८७०-७१ मध्ये फ्रान्सचा प्रशियाकडून पराभव झाला. सम्राट तिसऱ्या नेपोलियनची सत्ता गेली आणि प्रजासत्ताक आले. नव्या राजवटीला विश्वासू प्रशासक हवे होते. एप्रिल १८७१ मध्ये पूबेल यांची शारांत या जिल्ह्याचे प्रीफे म्हणून नेमणूक झाली. प्रीफे म्हणजे केंद्र सरकारने नेमलेला जिल्ह्याचा प्रमुख. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्याशी त्याची तुलना करता येईल. त्यानंतर इझेर, कॉर्सिका, दू आणि मार्सेय शहर ज्यात येते तो बूश-द्यू-रोन अशा जिल्ह्यांत त्यांच्या बदल्या होत गेल्या. १८८३ च्या ऑक्टोबरमध्ये ते सेन जिल्ह्याचे प्रीफे झाले. पॅरिस शहर याच जिल्ह्यात होते.

हे पद साधे नव्हते. १८७१ ते १९७७ या काळात पॅरिसला स्वतःचा महापौरच नव्हता. शहराचा कारभार सेनचा प्रीफे पाहत असे. मुंबई महापालिकेत प्रशासनाची सूत्रे जशी राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात, तसाच काहीसा हा प्रकार. पूबेल यांच्याआधी याच खुर्चीवर बसून बॅरन ओस्मान यांनी जुन्या पॅरिसच्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले होते.

तेव्हाच्या पॅरिसमध्ये कचऱ्याचे काय होत असे?

शहराची लोकसंख्या वीस लाखांवर गेली होती. रस्ते रुंद झाले होते, गॅसचे दिवे लागले होते, जमिनीखाली मोठी गटारे बांधली गेली होती. घरातला कचरा मात्र जुन्याच पद्धतीने बाहेर पडत होता. लोक रात्री किंवा पहाटे तो थेट दारासमोर रस्त्यावर ओतत. भाज्यांची देठे, मासळीची डोकी, राख, चिंध्या, फुटक्या बशा, हाडे आणि पॅरिसकरांच्या आवडीच्या कालवांचे शिंपले, असे सगळे एकाच ढिगात पडे.

सकाळी घोडागाड्या येत आणि फावड्याने हे ढीग भरून नेत. हा कचरा शहराबाहेरच्या भाजीपाल्याच्या शेतांत खत म्हणून जाई. गाडी येईपर्यंतच्या काही तासांत पाऊस पडला तर ढीग वाहून जाई, ऊन पडले तर कुजू लागे. कुत्री, मांजरे आणि उंदीर तो विस्कटून टाकत. गाडीने नेल्यावरही फरसबंदीच्या फटींत ओला राडा उरत असे आणि उन्हाळ्यात त्यावर माश्या घोंगावत.

रात्र आणि सकाळ यांमधल्या या तासांवर एका मोठ्या समाजाचे पोट चालत होते. हातात लोखंडी आकडा, पाठीवर टोपली आणि सोबत कंदील घेऊन हजारो कचरावेचक रात्रभर ढीग उपसत. फ्रेंचमध्ये त्यांना ‘शिफोनिए’ म्हणजे चिंध्या गोळा करणारे म्हणत. चिंध्या कागद गिरण्यांत जात. हाडांपासून सरस आणि बटणे बनत. काच, लोखंड, कातडे, केस, कोरडा पाव अशा प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक होते. १८२८ पासून या लोकांना पोलिसांकडे नोंद करून बिल्ला बाळगावा लागे. शहराचे पुनर्वापराचे सगळे काम तेच करत होते आणि शहर त्यांच्याकडे संशयाने पाहत होते.

पूबेल यांच्या आदेशात नेमके काय होते?

पॅरिसमध्ये येऊन दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा पूबेल यांनी आदेश काढला. तारीख होती २४ नोव्हेंबर १८८३. अंमलबजावणी १५ जानेवारी १८८४ पासून, म्हणजे तयारीला जेमतेम सात आठवडे.

रस्ते साफ ठेवा अशी फर्माने फ्रान्सच्या राजांनीही काढली होती. ती कागदावरच राहिली. कायद्याच्या या प्राध्यापकाने आदेश लिहिताना मोघमपणाला जागा ठेवली नाही. त्याचे मुख्य भाग असे होते :

– इमारतीतील सर्व रहिवाशांसाठी झाकण असलेली भांडी इमारतीच्या मालकाने स्वतःच्या खर्चाने पुरवायची. भाडेकरूवर ही जबाबदारी नाही.

– भांड्याची क्षमता किमान ४० लिटर आणि कमाल १२० लिटर. उचलायला वर दोन कड्या हव्यात. सफाई कामगाराला ते पेलले पाहिजे, हा त्यामागचा हिशेब होता.

– भांडे रंगवलेले किंवा जस्ताचा मुलामा दिलेले हवे. त्यावर रस्त्याचे नाव आणि इमारतीचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला हवा.

– भांडे आतून आणि बाहेरून स्वच्छ ठेवायचे. रिकामे असतानाही त्याला घाण वास येता कामा नये.

– कचरा तीन प्रकारांत वेगळा करायचा. कुजणारा कचरा एकीकडे, कागद आणि चिंध्या दुसरीकडे, काच, फुटकी भांडी आणि शिंपले तिसरीकडे.

– रस्त्यावर काहीही ओतायचे नाही. डबा सकाळी गाडीच्या वेळेला बाहेर ठेवायचा आणि रिकामा झाल्यावर आत घ्यायचा. हे काम इमारतीच्या दारवानाचे.

क्रमांक लिहिण्याची अट लहानशी वाटते, पण आदेशाचा जीव तिच्यात होता. रस्त्यावर पडलेल्या ढिगाला मालक नसतो. क्रमांक लिहिलेला डबा गळका, उघडा किंवा घाणेरडा असेल, तर तो कोणाचा हे लगेच कळते. कचऱ्यावर पहिल्यांदाच कोणाचा तरी पत्ता लिहिला गेला.

झाकण, धुणे आणि वेळ यांचा माश्या-उंदरांशी काय संबंध?

पूबेल यांच्या काळात रोग कसे पसरतात याबद्दल डॉक्टरांमध्येच वाद होता. कुजक्या पदार्थांच्या दुर्गंधीतून आजार होतात, हा समज अजून पक्का होता. दुसरीकडे लुई पाश्चर यांचे जंतुशास्त्र जोर धरत होते. १८८४ च्या सुरुवातीलाच जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यातून कॉलऱ्याच्या जंतूची ओळख पटल्याचे कळवले होते. माश्या आणि उंदीर रोग वाहून नेतात, हे मात्र तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. वास रोखण्यासाठी केलेले नियम कीड रोखण्यासाठीही योग्य ठरले. त्यामागचे शास्त्र आज आपल्याला माहीत आहे.

घरमाशी ओल्या, कुजणाऱ्या पदार्थावर एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालते. उबदार हवेत एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या बाहेर येतात. अंड्यापासून उडणारी माशी तयार व्हायला उन्हाळ्यात साधारण सात ते दहा दिवस लागतात. हे चक्र पूर्ण होण्याआधी कचरा घरातून गेला, तर नवी माशी तयारच होत नाही. रोजची गाडी यासाठी महत्त्वाची.

तरी रोज कचरा टाकणाऱ्या घरातही अळ्या का दिसतात? कारण पिशवी जाते, पण डब्याच्या तळाशी चिकटलेला थर जात नाही. माशीला तेवढी ओल पुरते. वाढ पूर्ण झालेल्या अळ्या कोश करण्यासाठी कोरडी जागा शोधत डब्याबाहेर सरकतात. म्हणून त्या डब्याच्या बुडाखाली, पायपुसण्याखाली किंवा ओट्याच्या कोपऱ्यात सापडतात. अशा वेळी फवारा मारण्याआधी डबा घासून, धुऊन उन्हात वाळवणे जास्त उपयोगी पडते. रिकाम्या डब्यालाही वास नको, या अटीतून हेच साधत होते.

उंदीर-घुशींचे गणित वेगळे आहे. त्या रात्री बाहेर पडतात. रात्रभर बाहेर राहिलेला कचरा म्हणजे त्यांचे ताट. डबा सकाळी ठेवला आणि लगेच आत घेतला, तर हे ताटच उचलले जाते. उंदीर लाकूड आणि प्लॅस्टिक कुरतडतात, पत्र्यापुढे त्यांचे फारसे चालत नाही. पॅरिसमधल्या लाकडी डब्यांना आतून पत्रा मारत, त्याचा हाही फायदा झाला.

आजच्या घरासाठी यातून काय घेता येईल?

ओल्या कचऱ्याचा डबा लहान ठेवा, म्हणजे तो रोज रिकामा करावाच लागेल. आमटी, ताक, चहाचे पाणी डब्यात ओतू नका. आधी गाळून घ्या. तळाशी वर्तमानपत्राचा कागद घाला. तो ओल शोषतो आणि डबा धुणे सोपे होते. मासळीचे किंवा मटणाचे उरलेले तुकडे कागदात गुंडाळून टाका आणि शक्यतो घंटागाडी येण्याच्या थोडे आधी बाहेर काढा. केळी-आंब्याच्या साली झाकणाशिवाय राहिल्या की चिलटे जमतात, त्यामुळे झाकण नीट बसते का ते पाहा.

झुरळे सुक्या कचऱ्यामुळेही येतात. दुधाची पिशवी, सॉसची बाटली, जेवण मागवलेले डबे न धुता साठवले तर तिथे रात्री झुरळे येणारच. पाण्याने विसळून, निथळून ठेवले तर सुका कचरा आठवडाभरही घरात राहू शकतो. घरी खत करत असाल, तर ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुका पाला, भुसा किंवा कोकोपीट टाका. उघडी ओल दिसली नाही की माशी बसत नाही.

इमारतीच्या पातळीवरही हेच लागू होते. रात्री जेवणानंतर जिन्यात किंवा गेटजवळ ठेवलेल्या पिशव्या सकाळपर्यंत फाटलेल्या दिसतात, तेव्हा दोष भटक्या कुत्र्यांना दिला जातो. खरा प्रश्न वेळेचा असतो.

आदेशाला विरोध कोणी केला?

पहिला विरोध घरमालकांचा. डबे विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि दारवानाच्या वाढीव कामाचे पैसेही मोजायचे, हे त्यांना मान्य नव्हते. तीन डबे ठेवायला जुन्या इमारतींच्या चौकात जागा नाही, अशीही ओरड झाली. दारवानांना पहाटे उठून जड डबे ओढणे नको होते. वृत्तपत्रांनी नव्या प्रीफेची टर उडवली.

सर्वात खरा विरोध कचरावेचकांचा होता. झाकणबंद डबा पहाटे बाहेर येणार आणि थोड्याच वेळात गाडीत रिकामा होणार, म्हणजे रात्रभराची कमाई संपली. त्याच सुमारास लाकडाच्या लगद्यापासून कागद बनू लागला होता आणि चिंध्यांचा भाव घसरत होता. त्यात हा आदेश आला. आपली बायकामुले उपाशी मरतील, अशी त्यांची तक्रार होती आणि ती वावगी नव्हती. काही वृत्तपत्रांनी त्यांची बाजूही घेतली.

मार्च १८८४ मध्ये पूबेल यांना आदेशात सुधारणा करावी लागली. गाडी येण्याआधी डब्यातला कचरा कापडावर पसरून त्यातले हवे ते निवडायचे आणि उरलेले पुन्हा डब्यात भरायचे, अशी मुभा कचरावेचकांना मिळाली. यामुळे धंदा वाचला, पण सगळ्यांचा नाही. ज्यांची दारवानांशी ओळख होती, ज्यांना ठरावीक इमारती मिळाल्या होत्या, ते टिकले. वाट फुटेल तिकडे फिरून ढीग चाळणाऱ्या गरिबांना मात्र जागा उरली नाही. हा समाज हळूहळू शहराच्या तटबंदीबाहेर सरकला. पॅरिसच्या उत्तर वेशीवरचा सेंत-वाँचा प्रसिद्ध जुना बाजार अशाच वस्त्यांतून वाढला. तिथल्या जुन्या कपड्यांतील पिसवांमुळे त्याला पिसवांचा बाजार हे नाव पडले, असे सांगितले जाते.

शहर स्वच्छ करण्याचा आदेश योग्य होता आणि त्याची किंमत सर्वात गरीब माणसाने मोजली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पूबेल यांचे चरित्र सांगताना यातली दुसरी गोष्ट अनेकदा गाळली जाते.

डब्याला त्यांचे नाव कसे चिकटले?

आदेश लागू झाला त्याच दिवसांत ‘ले फिगारो’ या दैनिकाने नव्या डब्यांना पूबेल यांच्या पेट्या असे म्हणायला सुरुवात केली. हेतू चिमटा काढण्याचा होता. लोकांनी शब्द उचलला, पुढे ‘पेटी’ गळून पडली आणि नुसते ‘पूबेल’ उरले. १८९० पर्यंत हा शब्द फ्रेंच कोशाच्या पुरवणीत पोहोचला होता. म्हणजे आपले आडनाव कचऱ्याच्या डब्याचा अर्थ घेऊन शब्दकोशात छापलेले पाहायला पूबेल स्वतः हयात होते, आणि पॅरिसच्या प्रीफेच्या खुर्चीवरच होते.

डब्यापलीकडे त्यांनी काय केले?

कचऱ्याइतकाच मोठा प्रश्न मैल्याचा होता. पॅरिसमध्ये रस्त्यांखाली गटारे होती, पण बहुतेक इमारतींचा मैला तळाशी असलेल्या खड्ड्यांत साठत असे आणि रात्री गाड्यांतून उपसून न्यावा लागे. खड्डे झिरपत, विहिरी खराब होत. १८९२ मध्ये पॅरिस आणि आसपास कॉलऱ्याची साथ आली. त्यानंतर १० जुलै १८९४ च्या कायद्याने इमारतींचे सांडपाणी आणि मैला थेट गटारवाहिनीला जोडणे बंधनकारक झाले. खर्च पुन्हा इमारतीच्या मालकाचा. पूबेल या बदलाचे खंदे पुरस्कर्ते होते. घरमालकांनी याविरुद्ध डब्यांपेक्षाही मोठा लढा दिला आणि सर्व इमारती जोडल्या जायला पुढची अनेक वर्षे गेली. पण आजच्या पॅरिसची सांडपाणी व्यवस्था त्या निर्णयावर उभी आहे.

आणखी दोन ठिकाणी त्यांची सही सापडते. ३१ जुलै १८८५ रोजी त्यांनी पॅरिसच्या सरकारी रुग्णालयांत निवासी डॉक्टर होण्यासाठीची स्पर्धा परीक्षा स्त्रियांना खुली केली. रुग्णालयांतील अनेक ज्येष्ठ डॉक्टरांचा याला कडाडून विरोध होता. पुढच्याच वर्षी ऑगस्टा क्लुम्पके या तरुणीने ती जागा मिळवली. नंतर मज्जासंस्थेच्या अभ्यासात तिने मोठे नाव कमावले.

दुसरी सही आयफेल टॉवरच्या करारावर आहे. ८ जानेवारी १८८७ रोजी झालेल्या या करारात गुस्ताव्ह आयफेल आणि सरकारचे मंत्री यांच्यासोबत पॅरिसच्या वतीने पूबेल होते. त्या टॉवरलाही सुरुवातीला शहरातल्या प्रतिष्ठितांनी नाके मुरडली होती. दोघांचीही आडनावे लोकांच्या तोंडी राहिली. आयफेल यांच्या वाट्याला टॉवर आला आणि पूबेल यांच्या वाट्याला डबा.

१८९६ : पूबेल पॅरिस सोडतात, मुंबईत प्लेग येतो

१८९६ मध्ये पूबेल यांचा पॅरिसमधला कार्यकाळ संपला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. धान्याची गोदामे, दाटीवाटीच्या चाळी आणि उघडी गटारे असलेल्या या भागात उंदरांना तोटा नव्हता.

या साथीचा अभ्यास करायला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून शास्त्रज्ञ आले. ही संस्था १८८८ मध्ये, पूबेल यांच्या कारकिर्दीतच सुरू झाली होती. तिथले पॉल-लुई सिमाँ १८९७ मध्ये मुंबईत आले आणि १८९८ मध्ये कराचीत त्यांनी प्लेगचा जंतू उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे दाखवून दिले. त्यांच्या निष्कर्षावर अनेक वर्षे विश्वास ठेवला गेला नाही. मुंबईत सरकारी खाक्या वेगळाच होता. घरे रिकामी करणे, सामान जाळणे, गटारांत जंतुनाशक ओतणे, यावर भर राहिला. पिसवांचा दुवा पुढे सर्वमान्य झाला, तेव्हा उघडे अन्न आणि उघडा कचरा हा केवळ दुर्गंधीचा विषय राहिला नाही. उंदराला घरात काय मिळते, यावर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून असू शकते हे स्पष्ट झाले.

शेवटची वर्षे कशी गेली?

पॅरिसनंतर पूबेल १८९६ ते १८९८ या काळात व्हॅटिकनमध्ये फ्रान्सचे राजदूत होते. त्यानंतर ते दक्षिण फ्रान्समधील कार्कासोनजवळ एर्मिनिस या ठिकाणी राहायला गेले. तिथे त्यांनी द्राक्षमळ्यांच्या प्रश्नांत लक्ष घातले आणि त्या भागातल्या वाइनला बाजारपेठ मिळावी म्हणून खटपट केली. शहराच्या उकिरड्याशी नाव जोडले गेलेला माणूस उतारवयात शेतकऱ्यांच्या मालाची बाजू मांडत होता. जुलै १९०७ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पॅरिसच्या सोळाव्या विभागात सेन नदीजवळ त्यांच्या नावाचा एक अगदी छोटा रस्ता आहे. पर्यटक सहसा तिकडे फिरकत नाहीत. त्यांचे नाव मात्र प्रत्येक घरात दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते, बहुतेकदा तो एक माणूस होता हे माहीत नसताना.

तीन डब्यांचे पुढे काय झाले?

झाकणाचा डबा टिकला, वर्गीकरण टिकले नाही. डबे तीन ठेवा असे आदेशाने सांगितले, पण ते पाळले जाते का हे दारोदार पाहणारी यंत्रणा उभी राहिली नाही. मालकांनी एकाच डब्यावर भागवले, लोकांनी सगळे त्यातच टाकले आणि प्रशासनाने तिकडे काणाडोळा केला. निवडण्याचे काम पुन्हा कचरावेचकांच्या हातांवर येऊन पडले.

फ्रान्समध्ये घरगुती कचऱ्याचे वर्गीकरण विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत नव्याने सुरू झाले. आधी काच, मग वेष्टने आणि कागद. कुजणारा कचरा वेगळा गोळा करण्याची सोय देणे तिथे १ जानेवारी २०२४ पासून बंधनकारक झाले. पूबेल यांनी हेच १५ जानेवारी १८८४ पासून लागू केले होते. मध्ये १४० वर्षे गेली.

भारतात २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक असा तीन प्रकारचा कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. अनेक घरांत डबे वेगळे असतात आणि गाडीत मात्र सगळे एकत्र होते. कधी गाडीत वेगळे कप्पे असतात आणि घरातून येणारी पिशवी एकच असते. १८८४ च्या पॅरिसमध्ये साखळी जिथे तुटली, तिथेच ती आजही तुटते.

एका बाबतीत महाराष्ट्रात वेगळा प्रयोग झाला. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना बांधली. तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. उकिरड्यावर वाकून वेचणारी बाई ओळखपत्र घेऊन सोसायटीच्या दारापर्यंत आली आणि सुका कचरा विकण्याचा हक्क तिच्याकडे राहिला. पॅरिसच्या आदेशात कचरावेचकांचा विचार नंतर, ओरड झाल्यावर झाला होता. इथे सुरुवातच त्यांच्यापासून झाली.

तिच्या हातात पडणारा सुका कचरा खरकट्याने माखलेला असेल, तर त्याला भाव मिळत नाही आणि हातही त्याच घाणीत घालावे लागतात. दुधाची पिशवी विसळून वाळत घालायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्याने आपल्या घरात झुरळ येत नाही आणि तिच्या पदरात चार पैसे जास्त पडतात.